सात फूट जास्त

घर सात फूट जास्त भरतंय, असं आर्किटेक्ट बाई फोनवर म्हणाल्या तेव्हा त्याच्या एका गालावर साबण होता. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पुन्हा सांगा म्हटलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. त्याने खोल्यांच्या मापांचे जे कागद दिले होते ते त्यांनी कॉम्प्युटरवर एकाला एक जोडले होते. बाहेरच्या भिंतीचं माप एक येत होतं आणि आतली बेरीज त्याहून सात फुटांनी मोठी येत होती. "म्हणजे काका, तुमचं बाथरूम बिल्डिंगच्या बाहेर लटकतंय," बाई हसत म्हणाल्या. त्याला हसू आलं नाही. कॉम्प्युटरचं काहीतरी चुकलं असेल, तो म्हणाला. असेलही, बाई म्हणाल्या, परवा येतेच आहे तर माझ्या मशीनने एकदा बघून घेते. मशीनची काही गरज नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि उरलेली दाढी करताना हनुवटीखाली कापून घेतलं.

सदतीस वर्षं त्याने जमिनी मोजल्या होत्या. ऑफिसात त्याला पाठीमागे 'अर्धा इंच' म्हणायचे, आणि ते त्याला माहीत होतं, आणि त्यात त्याला वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं. भावाभावांत हद्दीवरून डोकी फुटायची वेळ आली की साहेब म्हणायचे, अर्ध्या इंचाला पाठवा. तो जायचा, दोन्ही बाजूंचा चहा नाकारायचा, मोजायचा आणि सांगायचा. त्याने सांगितलेलं माप कधी फिरलं नाही. नोकरीला लागला त्या वर्षी त्याच्या वरिष्ठाने त्याला ताणलेल्या साखळीच्या कडेने महिनाभर चालवलं होतं, रोज शंभर पावलं, जोवर त्याचं पाऊल एका मापावर येत नाही तोवर. ते दोन फूट चार इंचांवर आलं आणि तिथेच राहिलं. एखाद्याला आपला रक्तगट माहीत असावा तसं त्याला आपलं पाऊल माहीत होतं. म्हणून तर बाईंनी पहिल्या दिवशी पर्समधून ते लाल दिव्याचं यंत्र काढलं तेव्हा त्याने ते परत ठेवायला लावलं होतं. मापं मी देतो, तुम्ही फक्त नकाशा काढा. चार दिवस खपून त्याने मापं घेतली होती, जुन्या पद्धतीने, एका खोलीला एक कागद. त्या चार दिवसांत त्याला दोन्ही वेळा भूक लागली होती. दीड वर्षात तसं झालं नव्हतं.

तोंड पुसून त्याने टेप घेतली आणि कागदांच्या दुसऱ्या प्रती घेऊन बसला. बाहेरची खोली जुळली. झोपायची खोली जुळली. स्वयंपाकघर, अगदी ओट्याखालच्या कोनाड्यासकट, जुळलं. मागची खोली, जिथे त्याचं नकाशांचं टेबल होतं, तीही जुळली. मग राहिला पॅसेज. झोपायच्या खोलीच्या दारापासून निघून, स्वयंपाकघराच्या कडेने, पार मागे बाथरूमच्या दारापर्यंत जाणारा. त्याच्या कागदावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: नऊ पावलं, एकवीस फूट. टेप लावली नव्हती. सगळ्या घरात तेवढी एकच जागा त्याने टेपशिवाय लिहिली होती, कारण ती त्याला पाठ होती. आता त्याने टेपचं टोक उंबऱ्याशी दाबून धरलं आणि मागे गेला. चौदा फूट. हाताखालच्या पोरांना लावायचा तसं त्याने उलट बाजूनेही मोजलं. चौदा. मग टेप खिशात टाकून तो सरळ चालत गेला. सहा पावलं. सहाच. बत्तीस वर्षं ह्या घरात राहत होता आणि सहाच होती. मग हे नऊ आले कुठून, असं म्हणत तो पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर टेकला, आणि टेकल्याबरोबर त्याला ते कुठून आले ते कळलं.

नऊ तिची होती. दीड वर्षापूर्वी बायको गेली, त्याआधीच्या शेवटच्या चार महिन्यांतली. तिच्या पायांवर सूज आली होती आणि चार शब्द बोललं तरी दम लागायचा. तो उलटा चालायचा, पाठ बाथरूमकडे, आणि तिचे दोन्ही हात त्याच्या मनगटांवर. तिला धीर यावा म्हणून तो मोठ्याने मोजायचा. एक. दोन. चार झाली की स्वयंपाकघराच्या चौकटीला ती टेकायची आणि श्वास परत मिळाला की म्हणायची, "इथे एक दगड रोवून ठेवा. निम्मी हद्द आली." मग पाच, सहा, सात. आठव्याला तिला बाथरूमच्या कडीचा आधार मिळायचा. त्याने चुकून सात दोनदा म्हटलं तर ती तेवढ्यातही त्याला पकडायची. ऑफिसात असंच करत होता का, म्हणायची. दिवसातून सहा-सात वेळा जाणं आणि तितक्याच वेळा येणं. चार महिन्यांचा हिशेब केला तर त्याच्या पायांनी ते नऊ इतक्यांदा मोजले होते की आधीच्या तीस वर्षांचे सहा पुसले गेले. आणि कागदावर लिहिताना त्याने तिचे नऊ घेतले आणि त्यांना आपल्या पावलाने गुणलं. अशी चूक नव्या उमेदवाराने केली असती तर त्याने त्याला फील्डबुक हातात धरू दिलं नसतं.

सहा हा आकडा घरात आधीपासून होता. तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा, म्हणजे दुखणं यायच्या चांगली पाच-सहा वर्षं आधी, तिने पहिल्यांदा विषय काढला होता की बाथरूम झोपायच्या खोलीला लागून घेता येईल का. त्याने तिला नीट, पेन्सिलने काढून समजावलं होतं. सांडपाण्याचा उभा पाइप मागच्या बाजूला. तिथपर्यंत न्यायचं तर फुटाला पाव इंच उतार हवा, वर पाइपाची जाडी, म्हणजे नव्या बाथरूमची जमीन आठ इंच उचलायला लागणार. दारात पायरी येणार. आणि जागा घ्यायची कुठून, तर स्वयंपाकघरातून. ओट्यावरची खिडकी जाईल. ती कपड्यांच्या घड्या करत ऐकत होती. शेवटी तो म्हणाला होता, "आणि सहा पावलं तर आहेत." तिने उशीचा अभ्रा झटकला. "तुमची सहा," ती म्हणाली. "माझी किती ते मोजा की एकदा." तो हसला होता, तीही हसली होती. पुढे अधूनमधून विषय निघायचा आणि तो उतारावर येऊन थांबायचा. उतार काही कुणाच्या घरचा नसतो, पाणी जसं वाहतं तसंच वाहणार. दुखणं आलं तेव्हा तर बांधकामाचा प्रश्नच नव्हता, धुळीने तिला आणखी दम लागला असता. अवघड काम होतं म्हणून राहिलं. हे वाक्य तो भेटायला येणाऱ्यांना सांगायचा, आणि कुणी येईनासं झाल्यावर स्वतःला.

आता मात्र त्याने ठरवलं होतं. बाथरूम झोपायच्या खोलीला लागून येणार. आठ इंच तर आठ इंच, खिडकी गेली तर गेली. मुलगी दुसऱ्या शहरात होती आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून घरी जाता जाता फोन करायची. तिलाही त्याने हे सांगितलं होतं. ती म्हणाली होती की बाबा, नळ बदला, फरशी बदला, ओटा नवा करा, मला आनंदच आहे, पण आईची खिडकी बुजवून हे कुणासाठी करताय? माझ्यासाठी, तो म्हणाला होता, मीही म्हातारा होणारच आहे. हे बोलणं इतकं शहाणपणाचं होतं की मुलीने विषय सोडून दिला. त्यालाही ते बोलल्यावर बरं वाटलं होतं, कारण खोटं आहे हे त्याला लगेच कळलं नव्हतं. पॅसेजमध्ये कपाटावर बसल्या बसल्या ते कळलं. तो जे बांधायला निघाला होता ते नऊ पावलांच्या माणसासाठी होतं.

आर्किटेक्ट बाई ठरल्या दिवशी आल्या. पस्तिशीच्या, पाठीला सॅक, पायात खेळाचे बूट, आणि दारात ते काढताना एका पायावर उभं राहण्याची सवय. त्याने त्या आत येण्याआधीच सांगून टाकलं. "चूक माझी आहे. पॅसेज चौदा फूट आहे." बाईंनी कागदावर दुरुस्त केलं. मग सहज विचारलं की मोजताना कुठे गडबड झाली. "मोजलं नव्हतं," तो म्हणाला, "आठवलं होतं." बाईंनी मान हलवली आणि त्यावर काही विचारलं नाही, आणि त्याबद्दल त्याला त्यांचं बरं वाटलं. मग त्यांनी नवीनच काढलं. त्यांनी घराचा नकाशा पुठ्ठ्यावर लावला आणि म्हणाल्या, काका, तुमचा एक दिवस चालून दाखवा. उठल्यापासून. मी पेन्सिलीने तुमच्या मागे येते. त्याला ते पोरकट वाटलं, पण तो चालला. खाट, बाथरूम, ओटा, बाहेरची खुर्ची, पुन्हा ओटा, गॅलरी, मागच्या खोलीतलं टेबल. पुठ्ठ्यावर रेघांवर रेघा चढत गेल्या आणि पॅसेज काळा होत गेला. बाई अधूनमधून विचारायच्या, इथे का थांबलात? कारण दोन वेळा तो स्वयंपाकघराच्या चौकटीशी थांबला होता. त्याचं त्याला ध्यानात आलं नव्हतं. दम खायला, त्याने सांगितलं. दम त्याला लागला नव्हता.

चालणं संपवून ते मागच्या खोलीत उभे राहिले. खोली चांगली होती, दोन बाजूंनी उजेड, आणि मधोमध ते टेबल. सात फूट लांब, साडेतीन रुंद, वर गुंडाळ्या आणि पुठ्ठ्याच्या नळ्या. मुलगी इथे अभ्यास करायची, ती दुसऱ्या शहरात गेल्यावर त्याने सुताराला इथेच बसवून ते करून घेतलं होतं. निवृत्त झाल्यानंतरही लोक खाजगी मोजणीची कामं घेऊन येतील असं तेव्हा त्याला वाटत होतं. तिघे आले होते. बाईंनी दारात उभं राहून समोर बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, मग खोलीकडे पाहिलं, मग पुन्हा बाथरूमकडे. "ह्या दारापासून त्या दारापर्यंत किती?"

"साडेतीन फूट."

"मग काका, बाथरूम कशाला हलवायचं?" बाई म्हणाल्या. "खाट हलवा. झोपायची खोली ही करा. पुढची खोली तुमच्या कागदांना द्या. जमीन उचलायला नको, पायरी नको, ओट्यावरची खिडकी जागच्या जागी. दीड पावलात बाथरूम."

"इथे टेबल आहे," तो म्हणाला. "ते दारातून जात नाही."

आपण हे बोलतोय तोच त्याला ऐकू आलं की हे आपण आधी बोललोय. ह्याच जागी, ह्याच आवाजात, माप सांगतात तसं. ती बाथरूममधून परत निघाली होती, तिसऱ्या की चौथ्या महिन्यात, आणि तिने त्याची मनगटं सोडून ह्या खोलीच्या दाराला खांदा लावला होता. आत ऊन आलेलं होतं. ती थोडा वेळ आत बघत राहिली आणि म्हणाली, "मी इथेच झोपले तर?" त्याला वाटलं होतं, थकलीय, पुढे जायचा कंटाळा आलाय. लहान मूल रस्त्यात बसकण मारतं तसं काहीतरी. त्याने सांगितलं होतं की इथे टेबल आहे, ते दारातून जात नाही. मग तिचे हात धरले होते आणि मोजायला लागला होता. दुखण्यात ती एकच गोष्ट दोनदा मागायची नाही. उलट्या दिशेला नऊ पावलं झाली होती, आणि खाटेवर बसल्यावर तिने पाणी मागितलं होतं.

बाई काहीतरी बोलत होत्या. प्लंबरचं म्हणणंही हेच होतं म्हणाल्या, आहे त्याच जागी ठेवलं तर काम पंधरा दिवसांचं. त्याने त्यांना मध्येच तोडलं. मी सांगितलं तसंच करायचं, तो म्हणाला, बाथरूम पुढे आणायचं. आवाज चढला नव्हता. बाईंनी पुठ्ठा सॅकमध्ये सरकवला. "करून देईन," त्या बूट घालता घालता म्हणाल्या. "घर तुमचं आहे. पण काका, माझ्या वडिलांच्या घरात मी असं करणार नाही. तिथे मी खाट हलवेन."

त्या गेल्यावर तो दोन दिवस मागच्या खोलीत गेला नाही. बाथरूमला जातानाही त्या दाराकडे खांदा करून जायचा. त्याला कळत होतं की बाईंचं बरोबर आहे. नकाशा बरोबर असला की तो बघताक्षणी कळतो, सदतीस वर्षांत तेवढं तर शिकला होता. पण खाट हलवायची म्हणजे कबूल करायचं की ती तेव्हाही हलली असती. त्यासाठी ना उतार लागला असता ना पाइप, ना धूळ. दोन माणसं आणि एक दुपार. आठ इंच जमीन उचलली, भिंत फोडली, खिडकी बुजवली, महिना-दीड महिना घरात सिमेंटची पोती पडली, तर जो बघेल तो म्हणेल की केवढं हे काम, तेव्हा कसं जमणार होतं. तोही तसंच म्हणेल. रोज सकाळी त्या पायरीवर पाय ठेवताना म्हणेल. पहिल्या रात्रीपासून त्याने जे वाक्य धरून ठेवलं होतं त्याला तेवढ्या वजनाचं बांधकाम हवं होतं. तो मोजणीदार होता. खोट्या हद्दीवर पक्की भिंत घालणारे त्याने आयुष्यभर पाहिले होते, आणि ते भिंत नेहमी जाड घालायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा त्याने तिला सांगितलं. आधी मापाची चूक सांगितली, मग टेबलाचं. आई त्या दाराशी काय म्हणाली तेही सांगितलं. पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते. मुलगी चालता चालता थांबली असावी, कारण कुणीतरी तिला बाजूला व्हा म्हणालं.

"बाबा," ती म्हणाली, "मी तेव्हा दोनदा येऊन आठ-आठ दिवस राहिले. त्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करत होते. तुम्ही दोघं समोरून जायचात, मी बघायचे. मलाही नाही सुचलं."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिने मला विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, टेबल कुठे ठेवायचं," मुलगी म्हणाली. मग, "हलवा खाट. खिडकी राहू दे." आणि फोन ठेवायच्या आधी, जेवलात का ते विचारलं. जेवलो, त्याने सांगितलं, आणि मग खरोखर पोळी गरम केली.

सुतार सकाळी दहाला आला, बाईंसोबतच. ठेंगणा, कानावर पेन्सिल, बोलायला तिखट. टेबलाकडे बघून म्हणाला की साहेब, हे आधी बांधलं आणि मग भोवती घर बांधलं का? त्याने सुताराला मापं सांगितली. टेबलाची रुंदी साडेतीन फूट, दार अडीच. सुताराने ऐकून घेतलं आणि टेबलाखाली शिरला. चार पायांचे नट पाना लावून सैल केले, पाय काढून भिंतीशी उभे केले, आणि उरलेली फळी कडेवर उभी केली. "साहेब, हिची जाडी मोजली का?" सुतार म्हणाला. फळी दीड इंचाची होती. बाईंनी एक टोक धरलं, सुताराने दुसरं. तो दाराशी उभा राहिला, आणि फळी चौकटीत आली तेव्हा त्याने मनातल्या मनात, अगदी स्पष्ट शब्दांत, ती अडकावी असं मागितलं. एखादा इंच कमी पडावा. अर्धा पडावा. फळी कुठे न घासता बाहेर गेली. सुतार पॅसेजमधून उलटा चालत होता, आणि पुढच्या खोलीपर्यंत काहीबाही बोलत होता, सांभाळून, डावीकडे, चौकट आली. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. खाट सुटी करून, आणून, पुन्हा जोडायला आणखी वीस मिनिटं लागली, त्यातली पाच गादी वळवण्यात. अकरा वाजायच्या आत सुतार चहा घेत होता आणि सांगत होता की एवढ्यासाठी मला कशाला बोलावलं, शेजारच्याला हाक मारली असती तरी झालं असतं. हो, तो म्हणाला. झालं असतं.

हे बोलून झाल्यावर काही पडलं-झडलं नाही. सुताराने कप विसळून ठेवला आणि निघून गेला. खाट नव्या खोलीत एका बाजूने भिंतीला लागून होती, दुसऱ्या बाजूने दाराकडे मोकळी. चादरीवर ऊन आलं होतं. जिथे टेबलाचे पाय होते तिथे फरशीवर चार स्वच्छ चौकोन दिसत होते. बाई पुठ्ठ्यावर नवीन कागद लावून विजेच्या खुणा करत होत्या, पंखा इथे, दिवा इथे, बाथरूमच्या वाटेवर खाली एक छोटा दिवा. मग त्यांनी विचारलं, खाटेपाशी बटण कुठल्या बाजूला ठेवू? त्याने भिंतीकडे पाहिलं. तिला उठवणं सोपं जावं म्हणून शेवटी शेवटी तो भिंतीकडे झोपायला लागला होता, आणि नंतर मोकळी बाजू असूनही तिकडेच झोपत राहिला होता. उठायचं झालं की तो पायथ्याकडून सरकत उतरायचा.

"दाराकडे," तो म्हणाला.

"दाराकडे झोपता ना तुम्ही?"

"भिंतीकडे," तो म्हणाला. बाईंची पेन्सिल थांबलेली पाहून मग म्हणाला, "आजपासून दाराकडे."

बाईंनी खूण केली आणि जमिनीपासूनच्या उंचीचा ठरलेला आकडा सांगायला लागल्या. त्याने त्यांना हाताने थांबवलं. टेप खिशातच होती, ती त्याने काढली नाही. तो खाटेवर दाराच्या बाजूला आडवा झाला, तिच्या उशीवर डोकं ठेवलं, आणि न बघता हात डोक्यामागे लांबवला. बोटं जिथे उशामागच्या भिंतीला टेकली तिथे तशीच धरून ठेवत तो बाईंना म्हणाला, "इथे करा."